सरड्यांची छपरं

सकाळचे सात वाजले होते आणि मैनाच्या तळहातावर एक सरडा निपचित पडून होता. धडपड नाही, पळापळ नाही, नुसते डोळे मिचकावत होता. एरवी हेच महाशय माणसाची सावली पडली तरी पसार होत.

"आत्या, ह्यो आजारी हाय का गं?"

"आजारी न्हाय, गारठलाय. जरा ऊन येऊ दे, मग बघ त्याचा तोरा."

मैनाची आत्या म्हणजे डॉ. हौसा येडगे, धनगरवाड्यातली पहिली शास्त्रज्ञ. वाघझरीच्या ज्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) तिनं लहानपणी म्हशी राखल्या, तिथंच २०५१ साली तिचं अभ्यासकेंद्र होतं. केंद्र कसलं, एक खोली, एक दुर्बीण आणि ठिपक्या नावाचा सहा पायांचा यंत्रमानव! ठिपक्याच्या डोळ्याला उष्णता दिसायची. सहावीतली मैना वर्गात मान ताठ करून सांगायची, "माझी आत्या सरडे मोजते!"

पण यंदा मोजायला सरडेच उरले नव्हते. गेल्या मार्चात दोनशे बारा, या मार्चात सदतीस. सोमवारी शहरातून समिती येणार होती. कारण सापडलं नाही, तर उरलेले सरडे शहरातल्या काचघरात न्यायचे आणि केंद्राला कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. सरड्यांमागोमाग आत्याही जाणार.

ऊन आलं. मैनानं सरडा कातळावर ठेवला. थोड्या वेळानं त्यानं मान उचलली, पाय ताणले, आणि मग गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फडकन उघडला. मैना टाळ्या पिटायचीच बाकी होती.

"आपल्या अंगात चूल हाय, बाय," आत्या म्हणाली. "खाल्लेलं जाळून आपण ऊब करतो. ह्याच्या अंगात चूल न्हाय. हा बाह्यतापी (शरीराची ऊब बाहेरून घेणारा प्राणी)."

"म्हंजी बिचाराच की."

"बिचारा कशानं? एवढ्याच वजनाच्या उंदराला एका दिवसाला जेवढं खायला लागतं, तेवढ्यात हा आठ-दहा दिवस काढतो. माथ्यावर खाणं कमी. तिथं हीच हुशारी कामाला येती."

"अंगाचं तापमान छत्तीस अंश," ठिपक्या बोलला. "धावण्यास योग्य."

"पण छत्तीसाचे चव्वेचाळीस झाले की खेळ संपला," आत्या म्हणाली. "आणि इथं झाड न्हाय, झुडूप न्हाय. दिवसा कातळ तापतो, रात्री गारठतो. म्हणून ह्यानं दिवसभर ऊन-सावली, ऊन-सावली करत ऱ्हायचं. त्याला तापनियमन (अंगाचं तापमान हवं तेवढंच राखणं) म्हणतात."

मग सरडे कमी का झाले? ऊन गेल्या वर्षीइतकंच होतं. किडेही नेहमीइतकेच होते. घारी-ससाणेही वाढले नव्हते. ठिपक्यानं सगळं ताडून पाहिलं आणि म्हणाला, "कारण अज्ञात."

दुपारी कातळाचे चटके बसू लागले तसा पंखेवाला सुसाट पळाला. मैना त्याच्या मागे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं लोक म्हणतात. पण सड्यावर कुंपण कुठलं? सरडा धावला, धावला आणि एका चपट्या दगडाखाली शिरला. मैनानं तापमापी लावली. दगडाच्या वर पंचावन्न अंश, खाली पस्तीस!

"आत्या, हे तर त्याचं छप्पर हाय!"

ती दुसरं छप्पर शोधू लागली. नव्हतं. शंभर पावलं चालली, तरी नव्हतं. सगळा कातळ उघडा. मग तिनं मान वर केली.

समोर बिरोबाच्या देवळाभोवती दगडांच्या शेकडो उतरंडी उभ्या होत्या. जत्रेत दगडावर दगड रचून देवाकडे घर मागायचं, ही इथली जुनी रीत. पूर्वी वाड्यातली चार माणसं रचायची. गेल्या चैत्रात कुणीतरी चित्रफीत पसरवली आणि हजारो लोक आले. प्रत्येकाला चपटेच दगड हवे होते, कारण तेच नीट बसतात. सगळ्यांत उंच, सात दगडांची उतरंड मैनाची होती. "आत्याचं घर इथंच होऊ दे," असं तिनं मागितलं होतं.

"आपल्या घरांसाठी आपण त्यांची घरं उचलली गं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आत्यानं तिला जवळ घेतलं, पण उतरंडीला हात लावला नाही. मैनानं डोळे पुसले आणि आपल्या हातानं पहिला दगड उतरवला. नवस मोडतो की काय, अशी भीती तिला वाटत होती. तरी तिनं सातही दगड खाली आणले, आणि खाली फट राहावी म्हणून प्रत्येकाला दोन खडे टेकवून कातळावर मांडले.

सोमवारी समितीसमोर मैनाच उभी राहिली. वर पंचावन्न, खाली पस्तीस. तिनं अध्यक्षबाईंचा हात धरून आधी दगडाच्या वर ठेवला, मग खाली. बाईंनी चटका बसलेला हात झटकला आणि म्हणाल्या, "मे अखेरपर्यंत मुदत. तोवर सरडे वाढले, तर केंद्र राहील."

पुढच्याच आठवड्यात जत्रा आली. सगळ्या वाड्यानं उतरंडी उतरवल्या. आलेल्या पाहुण्यांना म्हातारी माणसं बजावू लागली, "घर मागायचंय न्हवं? मग आधी एक घर द्या." प्रत्येकानं एकेक दगड दोन खड्यांवर टेकवला.

मेच्या शेवटच्या दिवशी ठिपक्यानं मोजणी केली. चौऱ्याण्णव! कड्याच्या भेगांत तग धरून राहिलेले सरडे परतले होते. काचघर रद्द झालं. केंद्राला आणखी दोन खोल्या मिळाल्या, त्यातली एक आत्याच्या राहण्यासाठी.

"नोंदीत कारण लिहायचे आहे," ठिपक्या म्हणाला. "शोध कोणाचा?"

आत्याचा आवाज सगळ्या सड्यावर घुमला. "लिही. मैना येडगे, इयत्ता सहावी, धनगरवाडा, वाघझरी. आणि माझी भाची, हे बी लिही!"

मैनाच्या सातव्या दगडावर एक सरडा ऊन खात बसला होता. त्यानं पंखा उघडला. यंदा हा सडा पिल्लांनी भरणार होता, आणि ती मोजायला आत्या इथंच असणार होती.