सहावा मणका की सातवा?

सहा महिन्यांपूर्वी सतरा अंश. आज तेवीस पूर्णांक चार.

पडद्यावरचे ते दोन आकडे बघून शाल्मलीचा चेहरा पडला. मिरजेच्या या प्रयोगशाळेत ती उड्या मारतच आली होती. पुढच्या महिन्यात मल्लखांबाचा चमू चांद्रवसाहतीत वर्षभर प्रात्यक्षिकं दाखवायला निघणार होता आणि बारा वर्षांची शाल्मली त्यातली सर्वांत लहान खेळाडू होती. तिला स्कोलिओसिस (पाठीचा कणा बाजूला वाकणं) होता, पण थोडासाच. खेळायला त्याची आडकाठी नव्हती. उड्डाणाचा नियम मात्र कडक होता : सहा महिन्यांत बाक पाच अंशांहून जास्त वाढला, तर यानात जागा नाही.

“सहा पूर्णांक चार अंशांची वाढ,” मापाडी म्हणाला. क्ष-किरण चित्रं मोजणारा हा रोबो प्रयोगशाळेत नवाच होता. “वाईट बातमी आहे, पण अचूक आहे.”

“तू गप रे!” शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. “आत्या, मी रोज व्यायाम केलाय गं. मग बाक वाढला कसा?”

“बाक वाढला की माप बदललं, ते आधी बघू,” डॉ. कल्याणी म्हणाली. शाल्मलीची ही आत्या हाडांवर संशोधन करायची. “मागचं चित्र मी हातानं मोजलं होतं, आजचं यानं मोजलं. रडायचं नंतर, आधी पेन्सिल घे.”

तिनं आजच्या चित्राची छापील प्रत टेबलावर पसरली. कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. बाकाच्या वरच्या टोकाशी सर्वांत जास्त कललेला मणका शोधायचा, खालच्या टोकाशीही तसाच. वरच्याच्या माथ्याला लागून एक रेघ, खालच्याच्या तळाला लागून दुसरी. त्या दोन रेघांमधला कोन म्हणजेच बाकाचं माप.

शाल्मलीनं रेघा ओढल्या, कोनमापक लावला. एकवीस. पुसून पुन्हा मोजलं तर अठरा. तिसऱ्यांदा बावीस.

“माझी पाठ काय नाचतेय का?”

“पाठ नाही, पेन्सिल नाचतेय. रेघ केसभर तिरकी गेली की कोन बदलतो. माझंही होतं तसं.”

“माझं होत नाही,” मापाडीनं लगेच तीनदा मोजून दाखवलं. तिन्ही वेळा तेवीस पूर्णांक चार. “शाब्बास, मी!”

“याला विश्वसनीयता म्हणतात (पुन्हा पुन्हा मोजलं तरी जवळपास तेच उत्तर येणं),” आत्या म्हणाली. “पण तेच उत्तर म्हणजे खरं उत्तर असं नाही. तराजूत खोटं वजन टाकलं, तर तोही दर वेळी तेवढाच चुकतो. मापाड्या, तुझ्या रेघा दाखव बघू.”

पडद्यावर आत्याच्या रेघांचं जुनं चित्र आणि मापाडीच्या रेघांचं नवं, अशी दोन्ही शेजारी शेजारी आली. शाल्मली मानेखालून एकेक मणका मोजत गेली आणि थबकली.

“आत्या! तुझी वरची रेघ सातव्या मणक्यावर आहे. यानं सहावा धरलाय!”

आत्या पडद्याजवळ वाकली. दोन्ही मणके जवळजवळ सारखेच कललेले होते. सहावा जरासा जास्त. “खरंच की. सहावाच धरायला हवा.”

“म्हणजे मी जिंकलो,” मापाडी म्हणाला.

“थांब, राजा. शालू, त्या मणक्याच्या कडेचा बिंदू बोटानं किंचित सरकव.”

शाल्मलीनं सरकवला. पडद्यावर आलं : चोवीस पूर्णांक नऊ.

“अरेच्चा,” मापाडी पुटपुटला. “म्हणजे माझ्या रेघा सरळ, पण त्या कुठून काढायच्या यावर सगळं अवलंबून.”

“हाताचं असो की यंत्राचं, टोकाचे मणके कोणते धरले हेच महत्त्वाचं. आता तो बिंदू परत जागेवर ने, दोन्ही चित्रं सहाव्या मणक्यावरूनच मोजू.”

शाल्मलीनं श्वास रोखला. मापाडीचं जुन्या चित्राचं उत्तर आलं बावीस पूर्णांक एक, नव्याचं तेवीस पूर्णांक चार. आत्यानं हातानं मोजलं : जुनं वीस, नवं बावीस.

“यानं मोजलं तर वाढ सव्वा अंशाच्या आसपास,” आत्या हसली. “मी मोजलं तर दोन. एवढा फरक तर नुसत्या मोजण्यातही पडतो. बाक वाढला असं म्हणायला पुरावा नाही.”

“पण आधीपासूनच तो सतराहून जास्त होता ना?”

“होता. म्हणून व्यायाम चालू ठेवायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. पण यानात बसायला हरकत नाही. तसं मी उड्डाण-समितीला कळवते.”

शाल्मलीनं आत्याला अशी मिठी मारली की कोनमापक खाली पडला. आत्यानं अहवाल लिहायला घेतला, तशी शाल्मली तिच्या खांद्यावरून डोकावली.

“नुसता आकडा नको लिहूस हं. वरचा मणका कोणता, खालचा कोणता, तेही लिही. पुढची तपासणी चंद्रावरचे डॉक्टर करतील. त्यांनी सातवा धरला, तर मला वाटेल मी तिथे जाऊन सरळ झाले!”

“आणि कोणी मोजलं, तेही लिहा,” मापाडी म्हणाला. “दोघांचीही नावं.”

“तिघांची,” आत्या म्हणाली आणि तिनं पहिलं नाव लिहिलं : शाल्मली.