उजव्या काठाचे शब्द

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, माझं काही अडत नाही. चाळीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. कागदावर नाही ते वाचायची मला सवय नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

बुधवार होता. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन फरशीवर पडलं होतं आणि मी खिडकीशी बसून चष्म्याच्या काचा पुसत होते.

घर तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत दादाचं लिहायचं टेबल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गीतकार. त्याची गाणी तुम्ही ऐकली असणार. न्हाव्याच्या दुकानात लागतात, बसमध्ये लागतात, लोक आंघोळ करताना म्हणतात.

टेबलाच्या मागे दार. दारापलीकडे स्वयंपाकघर. तिथे वहिनी असायची.

त्या बुधवारी वहिनीला जाऊन दोन महिने अकरा दिवस झाले होते.

आधी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दादाला विषय सुचायचा, अर्धी ओळ सुचायची. यमक आलं की गाडी अडलीच. मग तो जागेवरूनच ओरडायचा, "अगं, 'चांदणं'ला काय?"

आतून आधी टक् टक् असा आवाज यायचा. वहिनी चहाच्या डब्याच्या झाकणावर बोटाच्या पेराने ठेका धरायची. मग शब्द यायचे.

"नांदणं! गोंदणं! आणि नाहीच जमलं तर भांडणं, ते घरात आहेच!"

मी खो खो हसायचे. दादा हसायचा नाही. तो लिहून घ्यायचा.

पुढेपुढे ती आदल्या दिवशीच वहीत शब्द लिहून ठेवायला लागली. पानाच्या उजव्या काठाला, एकाखाली एक, हिरव्या शाईने. डावीकडे सगळं कोरं. दादा सकाळी उठून ते कोरं भरायचा की झालं गाणं तयार. अशी तीस वर्षं गेली. अठ्ठावीस वह्या झाल्या.

तिचं नाव कुठे होतं? कुठेच नाही.

गेल्या वर्षी सगळ्या गाण्यांचं जाडजूड पुस्तक काढायचं ठरलं. प्रकाशक घरी आले. वहीचं एक पान मुखपृष्ठावर छापू म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "ही हिरवी अक्षरं कुणाची हो? हात वेगळा वाटतो."

दादाने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "दादाचीच. शेवटचा शब्द सावकाश लिहायची सवय आहे त्याला."

का म्हणाले? नवरा गेल्यापासून मी दादाच्या घरी राहते. चारचौघांत त्याची मान खाली गेलेली मला बघवली नसती. असं मी स्वतःला सांगते. माझी जीभ झडायला हवी होती त्या वेळी.

वहिनी ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. पुढे येऊन तिने तीन कप टेबलावर ठेवले. एकाही कपाचा आवाज झाला नाही.

त्यानंतर ती आजारी पडली ती उठलीच नाही. दवाखान्यात एकदा माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, मोठं काही नको मला. ह्यांच्या नावाखाली, अगदी बारीक अक्षरात चालेल. यमकं म्हणून माझं नाव घाला. प्रुफं तुम्हीच बघणार ना?"

"घालते."

"नक्की?"

"नक्की गं बाई. आता झोप."

ती गेल्यावर मी दादाकडे विषय काढला. काढला नाही असं नाही. तो म्हणाला, "लोक म्हणतील हा तीस वर्षं बायकोच्या कुबड्या घेऊन चालला. जाऊ दे ना. ती काय आता वाचायला येणारे?"

आणि मी जाऊ दिलं.

तर तो बुधवार. पुस्तकाच्या शेवटच्या पानासाठी एक नवीन गाणं हवं होतं. दादा सकाळपासून पेन चावत बसला होता. सव्वातीनला तो मान वर न करता ओरडला.

"अगं, 'पाऊल'ला काय?"

माझ्या हातातला चष्मा खाली पडला. दादाने जीभ चावली. "सवय गं," म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. 



आणि मग आतून...

टक्. टक्.

"चाहूल."

आवाज तिचाच. थोडा बसलेला, शेवटच्या आठवड्यात होता तसा.

मी उठून आत गेले. कशी गेले ते मला आठवत नाही. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गॅस बंद, नळ बंद, खिडकी बंद.

ओट्यावर मात्र...

चहाचा डबा होता. तोच. तेराव्या दिवशी मीच तो जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

मी धडपडत बाहेर आले. शहाणा माणूस असता तर चपला घालून जिना उतरला असता. आमचे दादासाहेब काय करत होते?

शब्द लिहून घेत होते!

"दादा, अरे मेल्या, काय करतोस?"

"शू. एकच कडवं राहिलंय." त्याचे डोळे चमकत होते. मला त्याची इतकी किळस कधीच आली नव्हती. त्याने मान दाराकडे वळवली आणि लाडात विचारलं, "अगं, 'गोरी'ला काय?"

पूर्वी तिने दहा दिले असते. दोरी, कोरी, पोरी, थोरी...

टक्. टक्.

"चोरी."

एकच.

दादाचा चेहरा उतरला. तरी त्याने हसून दाखवलं. "बरं, 'झुरत'ला?"

टक्. टक्. आता आवाज ओट्याकडून नव्हता. दाराच्या चौकटीशी होता.

"परत."

दादाने पेन खाली ठेवलं. तो अगदी हळू म्हणाला, जसं लहान मूल अंधारात आईला विचारतं, "'चांदणं'ला?"

मग त्याच्या खुर्चीच्या पाठीशी...

"परत."

वहिनीने उभ्या जन्मात चुकीचं यमक दिलं नव्हतं. तापात बरळतानाही नाही.

दादाने वही उघडली. मग दुसरी. मग कपाटातून सगळ्या खाली ओढल्या आणि जमिनीवर बसून भराभरा पानं उलटायला लागला.

उजवा काठ कोरा होता.

अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वह्यांत. दादाच्या निळ्या ओळी जागच्या जागी. प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दापाशी येऊन तुटलेली. मी भिंग लावून बघितलं. खोडल्याची खूण नाही, ओलाव्याचा डाग नाही. त्या जागी कधी शाई लागलीच नव्हती, असा कागद.

शुक्रवारी छापखान्यातून पुस्तकाची प्रुफं आली. त्यातही तेच. प्रकाशक फोनवर कावले होते. "ताई, कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित दिसतंय. कागदावरच उतरत नाहीये. माझा माणूस तीन वेळा छापून थकला."

पुस्तक राहिलं. पण रविवारी दादाचा सत्कार ठरलेला होता, सभागृह घेतलेलं होतं, पत्रिका गेल्या होत्या. सकाळी अकराची वेळ. तीनशे माणसं आली. दादाला मी म्हणाले, "जाऊ नकोस." तो म्हणाला, "वेडी आहेस का?"

सुरुवातीला गायिका उभी राहिली. तिने दादाचं सगळ्यात गाजलेलं गाणं घेतलं. लोक पहिल्या सुरालाच टाळ्या वाजवून तिच्याबरोबर गायला लागले. पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांना पाठ.

पहिली ओळ संपत आली...

आणि शेवटच्या शब्दावर सगळं सभागृह गप्प झालं.

गायिकेचं तोंड उघडंच होतं. तीनशे माणसांची तोंडं उघडी होती. शब्द कुणाच्याच तोंडून आला नाही. तबला तेवढा वाजत होता.

आणि त्या रिकाम्या जागेत, बरोब्बर ठेक्यात, पडद्यामागून...

टक्. टक्.

गायिका हसली, मान हलवली, दुसरी ओळ घेतली. पुन्हा तसंच. तिसरी ओळ. चौथी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हसलं. एक लहान मुलगी घाबरून रडायला लागली. गायिका माइक सोडून आत निघून गेली.

दादा सावरून घ्यायला उठला. भाषणाला तो कधी घाबरायचा नाही.

"मित्रांनो," तो म्हणाला, "आज मला फार..."

थांबला.

"ही गाणी म्हणजे माझं सगळं..."

थांबला.

"मी तुम्हा सगळ्यांचा..."

लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. जोरात टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते, मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला त्याचं तोंड दिसत होतं. शब्द ओठापर्यंत येत होता आणि कुणीतरी तो आतून ओढून घेत होतं.

याला आता सहा महिने झाले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मेंदू ठणठणीत आहे म्हणतात. दादा जेवतो, चालतो, पेपर वाचतो. बोलतोही. फक्त एकही वाक्य पुरं होत नाही.

"मला जरा पाणी..." म्हणतो. तेवढं कळतं, मी देते. "आज मला खूप..." म्हणतो आणि माझ्याकडे बघत राहतो. खूप काय? भीती वाटते? आठवण येते? मी विचारते. तो नुसती मान हलवतो. शब्दांवर जगलेला माणूस! मला दया येते आणि बरं झालं असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

परवा त्याने स्वतःहून वही घेतली. मी मागे उभी होते. त्याने लिहिलं, "या सगळ्या गाण्यांतली यमकं माझ्या..."

पेन अडकलं.

पुन्हा लिहिलं. पुन्हा अडकलं. त्याने पान भरलं, पाठीमागचं पान भरलं. प्रत्येक ओळ तीच, प्रत्येक ओळ तिथेच तुटलेली. शेवटी टेबलावर डोकं टेकून तो हमसून हमसून रडला. "तू तिला..." म्हणाला. "मी आता खरंच..."

मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हात जोडले. ओट्यावर तो डबा होता. सहा महिन्यांत मी तो चार वेळा बाहेर फेकून आले आहे, एकदा तर पार पुलावरून.

"वहिनी," मी म्हणाले, "पुरे कर गं आता. त्याला पस्तावा झालाय. तो तुझं नाव लिहायला तयार आहे. सुटका कर त्याची."

फ्रीजची घरघर बंद झाली.

मग...

टक्. टक्.

"आता?"

एवढंच म्हणाली. इतक्या थंडपणे तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी मागे वळले, तेवढ्यात कानाच्या अगदी जवळ पुन्हा आवाज आला.

"आणि वन्सं, तुम्ही?"

हे परवाचं.

आज सकाळी खाली भाजीवाल्याने विचारलं, "आजी, काय देऊ?" मी म्हणाले, "अर्धा किलो..." आणि पुढे काही येईना. टोमॅटो समोर दिसत होते. लाल, ढीगभर. जीभ टाळूला लागत होती. तो हसून म्हणाला, "अर्धा किलो काय आजी? झोप झाली नाही का?"

मी पिशवी तिथेच टाकून वर आले आणि हे लिहायला बसले. लिहिताना अजून शब्द येताहेत. दुपारचे सव्वातीन होत आलेत. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलाय. आत ठेका सुरू झालाय, मला स्पष्ट ऐकू...

बघा. आलाच ना प्रसंग.

घाई करते. चुका दुरुस्त करायची नोकरी केली मी चाळीस वर्षं, आणि स्वतःची एक चूक तशीच ठेवली. ती आता तुमच्यासमोर दुरुस्त...

प्रकाशकांसमोर मी खोटं बोलले होते. ती हिरवी अक्षरं दादाची नव्हती. एकही नाही.

वहिनी, एवढं एक वाक्य पुरं करू दे. तुझ्या पाया...

ती सगळी यमकं, पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत, माझ्या