खाली ठेवलेला हात

औदुंबर सोसायटीत आता कॉम्प्युटरचा माऊस फक्त माळ्यावरच्या खोक्यात सापडायचा. दिवा, दार, बँक, सगळं हाताच्या खुणेवर चाले. सुरुवातीला लोकांचे हात भरून येत. दिवसभर हवेत हात नाचवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. मग बी-विंगमधल्या डॉ. हेमांगी सबनीस यांनी 'मनगटी' काढली. हात हलण्याआधी मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचतो. हा रबरी पट्टा तो हुकूमच टिपतो. न झालेल्या या खुणेला त्या 'पूर्वखूण' म्हणत. हात मांडीवर आणि काम फत्ते. आळशी माणसांनी त्यांना दुवा दिला.

त्या रविवारच्या सभेत सगळे ज्यासाठी जमले होते, त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. सुलभा तांबेची आई, वेणूताई, भ्रम झाल्यापासून रात्रभर ओरडायची. अध्यक्ष बेंद्रेंनी ठराव मोठ्या सभ्यपणे मांडला: वेणूताईंना वृद्धाश्रमात हलवावं. घरच्यांची संमती मात्र लागत होती, म्हणून सुलभा निवांत असायला हवी होती. ती सारखी पदर सावरत होती. समोरच्या निम्म्या घरांतल्या तान्ह्या पोरांना वेणूताईंनी न्हाऊ घातलं होतं.

सोसायटीचं मतदान बघण्यासारखं असतं. आधी शेजाऱ्याकडे पाहायचं, मग बायकोकडे, मग डोकं खाजवायचं निमित्त करून हात अर्धा वर न्यायचा. वारा फिरला तर खरंच खाजवायचं. आज मात्र एकही हात उठला नाही. सुलभाने श्वास सोडला.

तेवढ्यात सभेच्या पडद्यावर घराघरांच्या नावांसमोर हिरवे दिवे लागले. ठराव मंजूर, एकमताने.

हात एकही नाही आणि मंजूर कसला, म्हणून बेंद्रे यंत्रावर खेकसले. हेमांगीताईंनी समजावलं, की मागच्याच सभेने मोजणी मनगटीवर सोपवली आहे. पूर्वखुणेत हात वर निघाले होते, नंतर मागे आले.

"मागे घेतला म्हणजे नाही म्हटलं ना?" बेंद्रे म्हणाले.

"माणूस मागे घेतो ते लाजेनं. खरं मत पहिलं."

सुलभा उठून पडद्याजवळ गेली. तांबे या नावासमोरही हिरवा दिवा होता.

"हा माझा?"

"हो."

"चार वर्षं धड झोपले नाहीये मी. निघाला असेल हात. पण खाली ठेवला तोही माझाच ना, ताई? तो कुठं मोजता?"

हेमांगीताईंनी पडद्यावर स्वतःचं नाव शोधलं. तिथेही हिरवंच होतं.

"त्याला रकाना ठेवला नाही," त्या म्हणाल्या.

बेंद्रेंनी घाईघाईने पुढचा विषय काढला, पाण्याच्या टाकीचा. मनगटी काढावी, तर बाहेरचं दारही उघडणार नव्हतं. सगळे आपापले हात मांडीखाली दाबून बसले.

पडद्यावर दिवे लागतच होते.