वीसच्या स्पीडला टकटक

पूर्णिमा आणि दिग्विजयचं लग्न ठरलं. पेढे वाटून झाले, एका काकांना पेढा पोचला नाही म्हणून ते रुसूनही झाले. असो. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण त्या रविवारी सकाळी, विश्रांतवाडीतल्या गॅरेजसमोर, त्या दोघांना एकमेकांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती.

पूर्णिमा एका बॉनेटमध्ये डोकं घालून उभी होती. मागे एकोणीस वर्षांची एक गाडी येऊन थांबली. काच अर्धी खाली आली; उरलेली अर्धी आतल्या माणसाने हाताने ढकलली.

“ते मोठं वर्कशॉप कुठे आहे हो, वाघोलीचं?”

“इंजिन नॉक करतंय तुमचं.”

“मी पत्ता विचारला.”

“मी त्याहून महत्त्वाचं सांगितलं.”

तो हसला. आधी त्याचा डावा गाल हसला, मग उजवा, जणू वरून मंजुरी आल्यासारखा. पूर्णिमाने हे उगाचच पाहून घेतलं.

नाव दिग्विजय, नोकरी आयटीत, गाडी बाबांची. बाबा गेले, गाडी राहिली. कमी स्पीडला टकटक करते. वर्कशॉपवाल्यांनी फोनवरच सांगितलं होतं, इंजिन उघडावं लागेल. आणि त्याच्या आईने, मंदाकिनीबाईंनी, त्याहून आधी सांगितलं होतं, इंजिन उघडायची वेळ आली तर गाडी भंगारात.

“तीन रविवार द्या,” पूर्णिमा म्हणाली. “न उघडता शोधते.”

आतून तिच्या वडिलांनी, दशरथअण्णांनी, खोकून हरकत नोंदवली. गॅरेज लेकीच्या हातात देऊन सहा महिने झाले होते, तरी येणारा प्रत्येक जण “अण्णा कुठायत?” असंच विचारायचा. हा पहिलाच, ज्याने विचारलं नाही. त्याला अण्णा माहीतच नव्हते, ही गोष्ट पूर्णिमाने मोठ्या मनाने सोडून दिली.

पहिल्या रविवारी प्लग बदलले. टकटक तशीच. दुसऱ्या रविवारी टायमिंग तपासलं. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ती उभी राहिली.

“काय म्हणतंय?” त्याने विचारलं.

“म्हणतंय, मालक फार बोलतो.”

ती स्वतः चालवून आली, तर गाडी मांजरासारखी मऊ. त्याने चालवली की टक… टक… टक.

“तुम्ही बसलात की अगदी शहाण्यासारखं वागते.”

“गाडी?”

“गाडीही.”

पूर्णिमाने पाना उचलला, काहीही कारण नसताना.

अडचण तिला दिसत होती. आवाज सापडला नाही तर गाडी भंगारात जाणार, आणि हा येणं बंद. सापडला तर गाडी बरी होणार, आणि हा येणं बंद. पण आवडलेल्या माणसाला बिघडलेल्या गाडीने अडकवून ठेवायचं, हे तिला जमणारं नव्हतं. आवाज शोधायचा म्हणजे शोधायचा.

तिसऱ्या रविवारी तो चालवायला आणि ती शेजारी, डोळे मिटून. आळंदी रोड. स्पीड वीस. सायकलवरून फिरायला निघालेले एक आजोबा गाडीला मागे टाकून पुढे गेले, परत आले आणि म्हणाले, “ढकलू का?”

तेवढ्यात गल्लीतून एक वरात बाहेर पडली. इतक्या संयमाने चाललेली गाडी आपलीच असणार, असं बँडवाल्यांनी ठरवलं. कुणीतरी बॉनेटवर हार टाकला. एका मावशींनी खिडकीतून हात घालून दिग्विजयला कुंकू लावलं आणि पूर्णिमाच्या मांडीवर नारळ ठेवला. खरा नवरदेव मागे घोड्यावर होता. पण घोड्याला हॉर्न नसतो.

“अहो, सांगा ना त्यांना, आपण नाही आहोत ते—”

“मग आपण… कोण आहोत, ते काय सांगू?”

पूर्णिमाने मांडीवरचा नारळ उगाचच सरळ केला. बँडमध्ये कान कामाचे नव्हते, म्हणून तिने तळहात डॅशबोर्डवर टेकवला. आणि दचकली. ठोके नव्हतेच! गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि एकही ठोका नाही.

वरात कार्यालयात वळली. मावशी नारळ परत घेऊन गेल्या. रस्ता मोकळा झाला. तळहाताखाली पुन्हा टक… टक… टक.

तिने डोळे उघडून त्याच्या हाताकडे पाहिलं. “आत्ता काय केलंत?”

“काही नाही. चौथा गिअर टाकला.”

“वीसच्या स्पीडला?”

“बाबांनी शिकवलंय. चौथ्यात गाडी पेट्रोल कमी पिते. मी नेहमी लगेच चौथाच टाकतो.”

“आणि वरातीत?”

“पहिला. चौथ्यात बंदच पडली असती.”

“वीसला चौथा टाकलात की इंजिनावर ओझं येतं, म्हणून ते ठोके देतं. गाडीत बिघाड नाहीये. बिघाड ड्रायव्हरच्या सीटवर बसलाय. दुसरा टाका.”

त्याने टाकला. टकटक थांबली. गाडीत इतकी शांतता पसरली की दोघांनाही ती आवडली नाही.

“म्हणजे आता…” तो म्हणाला, “रविवारी यायला काही कारण उरलं नाही.”

तीन रविवार जो हट्ट तिने आवाजामागे लावला होता, तो उचलून तिने इकडे वळवला.

“आहे. तुम्हाला गिअर टाकता येत नाहीत.”

“येतात की.”

“येत नाहीत म्हटलं ना! आणि… मला तू आवडतोस. ही दोन वेगळी कारणं आहेत. अण्णांना फक्त पहिलं सांगायचं.”

दिग्विजयने वळून तिच्याकडे पाहिलं, ब्रेक दाबला आणि क्लच साफ विसरला. गाडी आचका देऊन भर रस्त्यात बंद पडली. मागे बारा हॉर्न वाजले.

“खरंच येत नाहीत मला,” तो म्हणाला. दोन्ही गाल एकदम हसले.

पुढच्या महिन्यात एका सरकारी टेबलावर पुढील अर्ज दाखल झाला :

“प्रति, मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, पुणे.

विषय : शिक्षण अपूर्ण ठेवण्याबाबत.

महोदय, अर्जदार क्र. १ यांच्याकडे पक्का परवाना असून त्यांना दर रविवारी दुसरा व तिसरा गिअर शिकवण्यात येत आहे. प्रगती समाधानकारक असल्याने उभय अर्जदार चिंतेत आहेत. तरी सदर पक्का परवाना रद्द करून त्यांना आजन्म मुदतीचा शिकाऊ परवाना देण्यात यावा, आणि शेजारच्या सीटवर अर्जदार क्र. २ कु. पूर्णिमा यांची कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी, ही नम्र विनंती.”