सोळाव्या दिवसाचं रेकॉर्डिंग

मॉनिटर लागत नाही असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो, पिन नीट बसलीय का. दहातल्या सात वेळा तेवढ्यावर काम भागतं. गिऱ्हाईक ओशाळतं, चहा पाजतं आणि विषय मिटतो. शिरूरला मार्केट यार्डाच्या अलीकडे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. फलकावर ‘इंद्रजीत कॉम्प्युटर्स’ लिहिलंय, पण लोक मिक्सरसुद्धा घेऊन येतात.

गेल्या दिवाळीत माझी बायको शितल वारली. तिच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका पतसंस्थेचा यूपीएस नीट करून आलो. तेव्हापासून लोक मला माघारी दगड म्हणतात. खोटं नाही ते. ऊन लागतं, चव कळते, पण त्याच्या पुढं आत काही जात नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की त्या दुपारी मी भ्यालो नव्हतो. भ्यालेल्याला काहीबाही दिसतं, असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

फोन मांडवगण फराट्याहून होता. गावाबाहेर मळ्यात घर. बोलणारी बाई त्या घरची सून, धनश्री. “कॅमेऱ्याचा स्क्रीन लागत न्हाई. आजच्या आज या. उद्या येऊन उपेग न्हाई.” मी पिनेचं विचारलं. ती म्हणाली, “समदं बघून झालं. आमचं हे कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेल्यात, घरात कोणी न्हाई. या तुमी.”

एप्रिलचं ऊन. मोटारसायकलवर तोंडाला उपरणं बांधून निघालो, तो न्हावऱ्याच्या पुढं रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मळ्यात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. घरामागं ऊस, उसामागं मातीचा उंच बांध. त्या बांधापलीकडं काय आहे ते घरातून दिसत नव्हतं.

आतल्या खोलीत खिडकीला पोतं लावून अंधार केला होता. कूलर होता, पण बंद. टेबलावर मॉनिटर, खाली रेकॉर्डिंगचा डबा, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. टेबलासमोर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. धनश्रीची सासू, अनसाबाई. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. काळ्या पडद्याकडं बघत होती.

धनश्रीनं मला दारातच हळू आवाजात सगळं सांगितलं. तिचे सासरे म्हस्कू सोळा दिवसांपूर्वी शेततळ्यात पडून गेले. पाण्याची मोटार बघायला गेले आणि तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून घसरले. त्या कागदावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मोटारी चोरीला जातात म्हणून तळ्यावर कॅमेरा बसवलेला होता. म्हणजे जे झालं ते त्या डब्यात होतं.

“मग इतके दिवस पाहिलं का नाही?” मी विचारलं.

“सुतक व्हतं ना. तेरा दिवस घरात टीव्ही लावायचा न्हाई, म्हणून ह्यांनी त्यो स्क्रीन पण बंद केला. चौदाव्या दिशी लावाय गेलं, तर लागंना.”

मी डब्याचं मॉडेल पाहिलं. सोळा दिवसांचं साठतं, मग जुन्यावर नवं चढत जातं. घरातल्यांनी सुतक पाळलं होतं, डब्यानं पाळलं नव्हतं. म्हस्कू पडले ते चारच्या सुमारास. आत्ता सव्वातीन झाले होते.

“सोपं आहे,” मी म्हणालो. “डबा बंद करतो म्हणजे पुसलं जाणार नाही. दुकानात नेतो, उद्या दाखवतो.”

म्हातारीनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. “बंद नगं करू, दादा. ते हायेत आत.”

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. मी धनश्रीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, म्हणजे वाद घालू नका.

“मावशी, तुम्हाला काय बघायचंय त्यात?”

“हाक मारली का त्यांनी मला.” तिनं जांभळ्या लुगड्याचा पदर खांद्यावर ओढला. “मी हितंच झोपले व्हते. कूलर चालू व्हता. त्येनं ऐकाय आलं न्हाई, का त्यांनी हाकच मारली न्हाई... तेवढं बघून सांगा. तेवढ्यावर माजा जीव टांगलाय.”

मी कामाला लागलो. प्लग बदलला, वायर बदलली. मॉनिटरच्या कोपऱ्यातला निळा दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. बटण दाबलं की आत बारीक टिक व्हायचं आणि पडदा काळाच राहायचा. दुकानातला जादाचा मॉनिटर आदल्याच दिवशी एकाला दिला होता. घरातल्या टीव्हीला ह्या वायरीचं भोकच नव्हतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथं दोघांनी मिळून नेलं होतं.

मग मी शेवटची गोष्ट केली. मोबाइलची बॅटरी लावली आणि पडद्याला तिरकी चिकटवली. असं केलं की कधीकधी कळतं. चित्र उमटत असतं, फक्त त्याच्यामागचा उजेड गेलेला असतो. उजेडाच्या त्या वाटीएवढ्या गोलात पुसट, राखाडी असं काहीतरी दिसलं. मोटारीचा पाइप होता.

“चित्र आहे,” मी म्हणालो. “मागचा उजेड गेलाय.”

अनसाबाई गुडघ्यांवर सरकत जवळ आली. तिच्या अंगाला शेवाळाचा वास येत होता, साचलेल्या पाण्याचा. मला तो तेव्हा तिचाच वाटला.

माऊस फिरवत, बॅटरी एकेका अक्षरावर धरत मी जुन्या रेकॉर्डिंगमध्ये शिरलो. सोळा दिवसांपूर्वीची तारीख निवडली, वेळ टाकली, बटण दाबलं. मग उजेड मधोमध धरला.

पाणी होतं. काळ्या कागदाचा उतार होता. आणि उतारावर दोन हात. पंजे पसरलेले, वर सरकत, परत खाली घसरत. मी बॅटरी थोडी खाली घेतली. पांढरं मुंडासं सुटून पाण्यावर तरंगत होतं. त्याच्या शेजारी चेहरा. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज त्या कॅमेऱ्याला नव्हताच.

“काय दिसतंय, दादा?” म्हातारीची नजर अधू होती. पडद्याला नाक लावूनही तिला करडेपणाच दिसत असणार.

“पाण्यात आहेत.”

“आन्... हाक?”

इथं कुणीही शहाणा माणूस ‘नाही मारली’ म्हणाला असता. लगेच गेले, मावशी, काही कळलंच नाही त्यांना, असं म्हणाला असता आणि तिचा जीव भांड्यात पडला असता. मला ते सुचलंच नाही. निळा दिवा लागतोय का, हो लागतोय, तसं मी सांगून टाकलं.

“मारतायत. घराकडं तोंड करून मारतायत.”

ती उठली. तिचे गुडघे वाजल्याचं मला आठवतं. “मंग जाते मी,” एवढं म्हणाली आणि दारातून बाहेर पडली. धनश्री चुलीकडं चहाला गेली होती. मी पडद्याला चिकटूनच होतो. किती वाजता पडले ते तरी सांगावं, म्हणून उजेड वरच्या कोपऱ्यात नेला.

तारीख आजची होती. वेळ तीन अठ्ठावन्न. सेकंदाचे आकडे पुढं पळत होते. जुनं रेकॉर्डिंग लागलंच नव्हतं... कॅमेरा आत्ता जे बघत होता ते मी बघत होतो.

उजेड परत खाली आणला. हात अजून उतारावर होते. आणि वाटीएवढ्या त्या गोलाच्या वरच्या कडेनं जांभळ्या लुगड्याचा काठ आत आला.

मी ओरडलो. धनश्री धावत आली. उसातून पळताना मी तिला म्हणालो, “मावशी पाण्याकडं गेल्यात.”

“पानी कुठलं?” ती धापा टाकत म्हणाली. “आकरा दिस झालं तळं उपसून. समदं सुकलंय.”

बांधावर चढलो. तळं कोरडं होतं. काळा कागद तापून चकाकत होता, तळाला गाळाच्या भेगा. कुणी नव्हतं. अनसाबाई काठावर बसली होती, टाचा रोवून, अंग मागं टाकून. खांद्यावरचा पदर तिनं खाली सोडला होता. पदराचं टोक उताराच्या मध्यावर होतं. वारा नव्हता. पदर ताणलेला होता, विहिरीत भरलेला पोहरा लटकला की दोर ताणतो तसा.

“आत्या!” धनश्रीनं मागून मिठी घातली. तीही पुढं ओढली गेली. मी दोघींना धरलं. तिघं मिळून मागं रेटत होतो आणि आमचे पाय इंच इंच काठाकडं सरकत होते.

“सोडू नका,” म्हातारी म्हणत होती. “आलेत वर... थोडंच ऱ्हायलंय... ह्या टायमाला सोडू नका.”

माझ्या खिशात वायर कापायची कातर होती. मी ती काढली. मनात काही आलं नाही, दया नाही, भीती नाही. तिच्या खांद्याजवळ पदर कापला, वायर कापतात तसा. आम्ही तिघं मागं पडलो. खाली कागदावरून काहीतरी घसरत गेल्याचा आवाज झाला, लांबलचक, आणि थांबला.

म्हातारी ओरडली नाही. आम्ही तिला घरी आणलं, ओट्यावर बसवलं. धनश्रीनं तिच्या उघड्या खांद्यावर शाल टाकली आणि स्वतःच रडायला लागली. पाण्याचा तो वास आता माझ्या हातांना येत होता. मी हौदावर दोनदा हात धुतले, सामान भरलं, मोटारसायकलला किल्ली लावली.

“दादा,” अनसाबाईनं हाक मारली. “कापलं तवा... त्यांनी कुणाकडं बघितलं?”

खाली कुणी नव्हतं, मावशी. हे मला म्हणायचं होतं. उतार रिकामा होता, मी डोळ्यांनी पाहिला होता.

“माझ्याकडं,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. शाल नीट केली. सोळा दिवसांचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा तिचा चेहरा सैल पडला.

“मंग हितनं फुडं हाक तुमाला येईल,” ती म्हणाली. “तुमी जागं ऱ्हावा.”