हाक मारायची राहिली

चौदा ऑगस्टला सकाळी मी कार्हुआस गावावरच्या डोंगरातली लाकडी केबिन फोनवरून ठरवली. गेल्या वर्षीचीच, तीन खाटांची. राखणदार तोमासामावशी हसली, "माणसं दोन आणि खाटा तीन? लिमाच्या लोकांना लोळायला एक खाट पुरत नाही वाटतं?" मग तिला माझा आवाज ओळखू आला, आणि तिनं हसणं आवरलं.

आमच्यात डोंगरावरून उतरताना बरोबरच्या प्रत्येकाला नावानं तीनदा हाक मारतात. नाहीतर जीव तिथंच घुटमळतो. गेल्या वर्षी बस सुटत होती. मी सामान दोनदा तपासलं, हाक मारायची मात्र राहिली. घरी येताच आमच्या सात वर्षांच्या लिसेतनं अन्न टाकलं. चाळिसाव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं. मला आता एवढंच करायचं होतं : तिला तिथून आणून तिच्या थडग्यात शांत निजवायचं.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. हवेला निलगिरीच्या धुराचा वास होता. वर्षभरात केबिनमध्ये कुणी उतरलं नव्हतं, असं मावशी म्हणाली. बंद दारासमोरून, तिचा जीव मागोमाग यावा म्हणून, मी लिसेतचा स्वेटर मातीवरून ओढत चालू लागलो. मागे बघायचं नसतं. माझ्या बायकोनं, नेलिदानं, माझा हात घट्ट धरला होता.

"लिसेत, चल. मागे राहू नकोस."

वारासुद्धा नव्हता. मी दुसरी हाक मारली.

"हळू..." केबिनमधून आवाज आला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

आवाज नेलिदाचा होता. नेलिदा माझ्या शेजारी होती, ओठ मिटून.

मग आत एक पुरुष हसला; झोपलेलं मूल उठू नये म्हणून दबक्या आवाजात हसतात तसा.

"हा तर तू..." नेलिदा पुटपुटली. "वर्षभरात असा हसला नाहीस."

गेल्या वर्षी मी हाक कुणालाच मारली नव्हती. नेलिदालाही नाही, स्वतःलाही नाही.

"एलादिओ, तिसरी हाक मार," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "उजेड आहे तोवर."

मी तोंड उघडलं. नेलिदानं त्यावर हात ठेवला.

"राहू दे... तिघांनाही."

मी स्वेटर उचलून त्याची घडी घातली आणि मागे वळून पाहिलं. खिडकीतून कुणीतरी आमच्याकडे क्षणभर बघितलं, दारात आलेल्या अनोळखी माणसांकडे बघावं तसं, आणि आतून पडदा ओढून घेतला.