पलटणीच्या कोठीतला चौक

माझी शेळी भारी आगाऊ. साऱ्या पाड्याला जिथं जायची भीती, तिथं ती पहिली घुसणार.

डोळखांबच्या पुढे, आमच्या पाड्याच्या वरच्या टेपाडावर पलटणीची कोठी आहे. गोऱ्या सोजिरांच्या वेळची, दोन हात जाड भिंतींची, दारूगोळा ठेवायची जागा. सोजीर गेले, पण काही गोळे मातीतच राहिले. मी पाच वर्षांची असताना आमचा धाऊकाका तिथं भंगाराचं लोखंड वेचायला गेला आणि परत आला तो घोंगडीत. तेव्हापासून पाड्यातलं कुणी हद्दीचा दगड ओलांडत नव्हतं. मी तर जात्याच भित्री, विहिरीत वाकून बघायचं म्हटलं तरी माझे हातपाय गार पडायचे.

दोन हजार तीन सालची गोष्ट. भात झोडून झालं होतं, गुरं मोकळी सुटली होती. शेळी दगड ओलांडून सरळ कोठीत गेली आणि मी दगडापाशी उभी राहून नुसत्या हाका मारत होते. तेवढ्यात दारातून एक पांढराफटक माणूस बाहेर आला. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, खांद्यावर माझी शेळी... सोजिराचं भूत! ओरडायला मी तोंड उघडलं. आणि मग भूत शिंकलं. एकदा नाही, तीनदा.

"चुना हाय गो," ते म्हणालं. "भूत नाय. ही शेळी तुझी का? माझी भाकर खाल्ली हिनं."

"दुसरी... आणून देते," मी कसंबसं म्हटलं.

"दगडाच्या अलीकडून देशील का पलीकडून?"

म्हणजे मी दगड ओलांडत नाही, हे त्यानं बघितलं होतं! त्या पांढऱ्या तोंडात डोळे तेवढे काळेभोर होते, आणि ते हसत होते. मला राग आला. रागाच्या आड आणखीही काहीतरी आलं, पण ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

त्याचं नाव भगीरथ. मुरबाडकडच्या पाड्यातला, आमच्याच जातीचा, जुन्या पद्धतीनं चुन्यात बांधकाम करणारा गवंडी. ठाण्याची एक संस्था कोठीचं कलाघर करणार होती. तिथं आमची चित्रं, फुंकून वाजवायचा तारपा, जुनी भांडी मांडायची, पोरांना शिकवायचं, सणाला नाच करायचा. लष्कराची माणसं येऊन जमीन तपासून, कागद देऊन गेली होती. संस्थेच्या मनस्वीताईंनी तो कागद पाड्यात सगळ्यांना वाचून दाखवला. पण कागदानं भीती जाते होय? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दगडाच्या अलीकडेच राहिलो.

मी मात्र रोज भाकरी घेऊन दगडापर्यंत जाऊ लागले. पहिल्या दिवशी भाकरीची भरपाई होती. दुसऱ्या दिवशी... असू दे. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "माझ्या पावलावर पाऊल ठेवून ये. फुटलंच तर आधी मी."

वाटेवर त्याच्या पायांचे चुन्याचे ठसे उमटत होते. मी एकेका ठशावर पाय ठेवत गेले. छाती धडधडत होती, ती गोळ्यांच्या भीतीनं की कशानं, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही.

पुढे, मी सुखरूप येते-जाते हे बघून बाकीच्याही धजल्या, तेव्हा मनस्वीताईंनी आम्हा बायकांना भिंती रंगवायला बोलावलं. झाडं काढा, वाघ काढा, नाच काढा, आणि मधल्या मोठ्या भिंतीवर लग्नाचा चौक काढा. चौकाचं नाव निघताच हौसाकाकी उठून उभी राहिली. लग्नघराच्या भिंतीवर देवीचं चौकोनी चित्र काढतात तो चौक; पाड्यातले सगळे चौक तीच काढते.

"लग्न नाय तिथं चौक नाय," ती म्हणाली. "चौकात देवी येऊन बसते. लग्न बघितल्याबिगर ती उठत नाय. नायतर कुणाचं तरी कायतरी घेऊन उठते."

ताई समजूतदार. त्यांनी चौकाचा विषय तिथंच सोडला आणि मधली भिंत कोरी राहिली. भगीरथनं तिला सुरेख गिलावा केला होता, वरून मी गेरू लावला होता. एका दुपारी बाकीच्या बायका जेवायला खाली गेल्या आणि मी त्या भिंतीसमोर एकटीच उरले. नुसती चौकट काढू, असं म्हणत मी तांदळाच्या पिठात काडी बुडवली. लहानपणापासून बघितलेलं सगळं हातात आपोआप येत गेलं. भानावर आले तेव्हा चौक पुरा होत आला होता आणि आत देवी बसली होती. माझा हात असा कापला, की देवीचा डावा पाय आखूडच राहिला.

मी बिनलग्नाची पोर. घरात लग्न नाही, दारात मांडव नाही, आणि मी देवीला बोलावून बसवलं होतं. आता ही कुणाचं काय घेऊन उठणार?

मी धावत दारात आले आणि जीव खाऊन हाक मारली, "भगीरथ!"

तो बाहेर हौदात कळीचा चुना विझवत होता. हाकेसरशी वळला. चुन्याचं भरलं घमेलं हातातून सुटून पाण्यात पडलं आणि उकळता चुना उसळून त्याच्या तोंडावर आला. ताई धावत आल्या आणि घागरीमागून घागर त्याच्या डोळ्यांवर ओतत राहिल्या. मी मात्र दारात नुसती उभी होते. जीपमधून त्याला शहापूरला नेलं. उजवा डोळा वाचला. डाव्याचं पट्टी काढल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

हौसाकाकीनं चौक बघितला आणि कपाळावर हात मारला. पुसायचाही नाही, कारण पुसलेला चौक म्हणजे मोडलेलं लग्न. ती माझ्याकडं न बघताच निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी ताईंबरोबर दवाखान्यात गेले. रडत रडत सगळं सांगून टाकलं. चौक मी काढला, देवी रागावली, तुझा डोळा माझ्यामुळे गेला.

त्यानं पट्टीचं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाला, "देवीनं काय नाय केलं. तू हाक मारलीस, मी बघितलं. तू हाक मारलीस की मी बघणारच, गो."

मी पदर तोंडात धरला.

"चौक कुणासाठी काढलास?" त्यानं हळूच विचारलं.

"भिंत... भिंत चांगली झाली होती."

"भिंत कुणी केली?"

मी खाली बघितलं. 

"एका डोळ्याचा नवरा चालंल का?" तो हसत होता, पण आवाज कापत होता. त्याला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"चालंल," मी म्हटलं. "पण दोन डोळ्यांचा मागून घेईन मी देवीकडं."

मग ते आठ दिवस. मी रोज एकटी दगड ओलांडून कोठीत जायची, धाऊकाका पडला त्या जागेवरून, आणि चौकासमोर बसायची. भीती होतीच. पण आता ती गोळ्यांची नव्हती, भुताची नव्हती, एकाच डोळ्याची होती.

नवव्या दिवशी दारात सावली पडली. पट्टी निघाली होती. तो आत आला, भिंतीसमोर उभा राहिला, आणि त्यानं तळव्यानं उजवा डोळा झाकला. डावा लालबुंद होता, त्यातून पाणी गळत होतं. तो बघत राहिला... बघत राहिला. 

"रुपा," तो शेवटी म्हणाला, "देवीचा डावा पाय आखूड काढलास."

मी मटकन खाली बसले. हसू आणि रडू एकदमच आलं, आवरेना. तो शेजारी बसला आणि पदराचं टोक ओढून स्वतःचा डोळा पुसू लागला. सव्वीस जानेवारीला कलाघर उघडलं तेव्हा पाहुण्यांनी तिथं पहिलं काय बघितलं असेल, तर आमचं लग्न. हौसाकाकीनं गाणी म्हटली. चौकाला हात लावायला मात्र कुणी धजलं नाही, म्हणून तो पाय अजून आखूडच आहे.